फुकट वाइन टेस्टिंगची एक संध्याकाळ : कोल्हापुरातल्या एका दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरात राजारामपुरीच्या बाजूला असलेल्या एका वाइन शॉपचं आहे. दुकानाचं, माणसांचं, हॉटेलचं नाव देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत, बाकी घडलं तसंच लिहितोय. मी हॉटेल लाइनमधला, सर्व्हिस स्टाफला शिकवायचं काम करतो, त्यामुळं या सगळ्यात पहिल्यापासून मदतीला होतो.

दुकान जुनं. मालकांना सगळे तात्या म्हणतात. लोखंडी जाळीचं काउंटर, संध्याकाळी सात नंतर जाळीतून हात घालून उभी असलेली गर्दी, व्हिस्की, रम, बिअर यावर सगळा धंदा. वाइन वरच्या रॅकवर, रस्त्याकडच्या काचेला लागून, शोभेला ठेवल्यासारखी. खपायची ती गोड पोर्ट, तीही बहुतेक करून कुणीतरी घरच्या म्हाताऱ्या माणसाला अंगात ताकद येते म्हणून न्यायचं. नाशिक, अकलूजकडच्या चांगल्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, वाइन्स महिन्याला जेमतेम दीड-दोन केस (केस म्हणजे बारा बाटल्यांचा खोका) जायच्या.

तात्यांची धाकटी सून तासगावकडची, माहेरी द्राक्षबाग. सोनाका, थॉमसन या खायच्या द्राक्षांतच ती वाढलेली, नंतर पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेलं. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही, पण तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं की उद्या वाइन किराणा घेता घेता मिळायला लागली तर आपल्याकडं गिऱ्हाईकानं का यावं? तिचं उत्तर सरळ होतं, आपण चव दाखवू आणि समजावून सांगू. एक संध्याकाळ, ओळखीची गिऱ्हाइकं, पाच वाइन्स, फुकट.

अडचण नेमकी काय होती

तात्यांना कल्पना आवडली आणि त्यांनी लगेच जागा पण ठरवली, दुकानातच, रविवारी दुपारी, शटर अर्धं खाली ओढून. पुतण्यानं तर फ्लेक्सचं डिझाइन पण करून आणलं, मोठ्या अक्षरात "मोफत वाइन टेस्टिंग", खाली द्राक्षाचा घड आणि तात्यांचा फोटो.

इथंच पहिलं थांबावं लागलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडं दुकानाला जे एफएल-२ लायसन मिळतं ते सीलबंद बाटली विकायचं. तिथं बसून प्यायला देता येत नाही, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून हे बदलत नाही. कित्येक दुकानदारांना हे मनापासून पटत नाही, त्यांना वाटतं फुकट दिलं म्हणजे विक्री नाही, विक्री नाही म्हणजे कायदा लागत नाही. पण प्रश्न विक्रीचा नाहीच, त्या जागेत दारू प्यायली गेली का एवढाच आहे. फ्लेक्सचं पण तेच, दारूच्या जाहिरातीला कायद्यानं बंदी आहे, मग त्यात ब्रँडचं नाव असो वा नसो.

आणि कायद्याच्या पलीकडं गल्लीचा प्रश्न होता, माझ्या मते तो जास्त मोठा. आपल्या राज्यात एखाद्या वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानासाठी मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीच्या, म्हणजे बंदीच्या, चिन्हावर मत दिलं तर दुकान बंद. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी हे झालेलं सगळ्यांनी बघितलंय. तात्यांच्या दुकानाबद्दल गल्लीत तक्रार नव्हती कारण ते वेळेत बंद करायचे आणि दारात कुणाला उभं राहून प्यायला द्यायचे नाहीत. फुकट वाइनच्या बातमीनं ती इतक्या वर्षांची पत एका संध्याकाळीत जाऊ शकली असती.

कोणते पर्याय होते

दुकानात करायचं हे एक्साइजच्या, म्हणजे दारूची लायसन बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, ऑफिसात जाऊन विचारून आल्यावर कायमचं बाद झालं. तात्या थोडे नाराज झाले, पण लायसनला धक्का म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दुसरा पर्याय तात्यांच्या बंगल्याची गच्ची. घरगुती पार्टी म्हणून चाळीस माणसं बोलवायची. दिसायला सोपा, पण गिऱ्हाइकांना बोलवून दुकानाच्या नावानं पाजणं याला घरगुती म्हणणं अवघड होतं, आणि वर शेजारी सगळे नातेवाईक, कोण आलं कोण गेलं यावर महिनाभर चर्चा झाली असती. सूनबाईंनीच नको म्हटलं.

तिसरा, हॉल घेऊन एक दिवसाचं तात्पुरतं लायसन काढायचं. हे रीतसर आहे, मिळतं पण. मोठ्या कार्यक्रमाला ठीक, आमच्या तीस-चाळीस माणसांसाठी फी, हॉल, ग्लास, कॅटरर असं सगळं धरून आवाक्याबाहेर जायला लागलं.

चौथा सूनबाईंच्या मनातला, लोकांना घेऊन थेट वायनरीत, म्हणजे वाइन बनते तिथंच, जायचं. अकलूजला जाता येतं, नाशिकला तर टेस्टिंग रूम्स रुळलेल्याच आहेत. पण ज्यानं आयुष्यात ड्राय वाइन चाखलेली नाही तो माणूस त्यासाठी नाशिकला जायला निघेल का? आधी इथं आवड लागायला हवी.

राहिला पाचवा. ओळखीच्या एका फॅमिली हॉटेलचा परमिट रूम. त्यांच्याकडं बसून प्यायचं एफएल-३ लायसन आहेच, वरच्या मजल्यावर वेगळा एसी हॉल आहे, जिना बाहेरून. यात मेख एकच होती आणि ती आम्ही आधीच नीट सोडवली : दुकानातल्या बाटल्या उचलून तिकडं न्यायच्या नाहीत. हॉटेलनं आपल्या लायसनवर होलसेलरकडून वाइन मागवायची, आपल्या रजिस्टरला घ्यायची, तिथंच ओतायची, आणि सगळं बिल तात्यांच्या नावावर करायचं. पाहुण्यांना फुकट, कागदावर मात्र थेंब न थेंब हॉटेलची विक्री. तात्यांना पहिल्यांदा हे पचलं नाही, "माझ्या दुकानात माल पडलाय आणि मी हॉटेलाच्या रेटनं विकत घेऊन पाजू व्हय?" असं म्हणाले. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, खर्च खरंच वाढला. पण याच निर्णयामुळं नंतर सगळे रात्री शांत झोपले.

फुकट की फी

यावर घरात दोन दिवस वाद चालला. सूनबाईंचं म्हणणं, माणशी दोनशे रुपये घ्या, म्हणजे ज्याला खरंच चव घ्यायचीय तोच येईल. तात्यांचं म्हणणं उलटं. "पोरी, पैसे घेतले की माणूस वसूल करायला बसतो. पावण्यासारखं बोलवू, पावण्यासारखा वागंल." "मामा, पावणा आपल्याबरोबर आणखी चार घेऊन येतो त्याचं काय?" शेवटी ठरलं, फुकटच, पण नावानिशी बोलवायचं, फोन करून, जोडप्यानं या म्हणून. फ्लेक्स नाही, स्टेटस नाही, ग्रुपवर मेसेज नाही. वेळ साडेसहा ते साडेआठ, म्हणजे बायकांना घरून निघायला आणि परतायला अडचण नको.

तयारी

पाच वाइन्स कोणत्या यावर सूनबाईंनी बराच विचार केला. सोव्हिन्यों ब्लां ही ड्राय व्हाइट, मग किंचित गोडसर व्हाइट शेनिन ब्लां, मग झिनफँडेलची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, मग कॅबरने-शिराझ ही ड्राय रेड, आणि शेवटी गोड रेड. शेवटची तात्यांच्या आग्रहामुळं. सूनबाई नको म्हणत होत्या, त्यांना वाटत होतं गोड दिली की लोक तिथंच अडकतील. मी तात्यांच्या बाजूनं होतो, कारण जे लोक वर्षानुवर्षं पोर्ट नेतात त्यांना तुमची आवड चुकीची आहे असा निरोप पहिल्याच भेटीत का द्यायचा? क्रम हलक्याकडून जडाकडं आणि गोड सगळ्यात शेवटी, नाहीतर गोडानंतर ड्राय वाइन नुसती आंबट लागते.

प्रत्येकी ३० मिली, पेग मेजरनं मोजून. ७५० मिलीच्या बाटलीत असे पंचवीस घोट निघतात, म्हणजे प्रत्येक वाइनच्या दोन बाटल्या पुरल्या असत्या. आता यात एक हिशोब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही म्हणून सविस्तर लिहितो. पाच घोट म्हणजे १५० मिली. वाइनमध्ये साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल धरलं तर पोटात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल जातं. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसानं हे रिकाम्या पोटी पटापट घेतलं तर तो जवळपास त्या रेषेवर जाऊन बसतो, आणि पन्नास-पंचावन्न किलोच्या बाई तर सहज पलीकडं. चव घ्यायला आलोय, प्यायला नाही, असं म्हणून स्कूटरला किक मारायची नाही. म्हणून फोनवरच सांगितलं की रिक्षानं या, आणि हॉटेलच्या दारात ओळखीचे दोन रिक्षावाले थांबवून ठेवले. टेबलावर थुंकायला भांडी पण ठेवली, पण ती शेवटपर्यंत कोरडीच राहिली, चारचौघांत थुंकायचं कुणाच्या हाताला येईना.

वयाचं बघायला हवं होतं, वाइनला आपल्याकडं एकवीस पूर्ण लागतं. आणि पिण्याचा परवाना. एक दिवसाचा परवाना पाच रुपयाला मिळतो, हॉटेलनं सगळ्यांच्या नावानं ते पुस्तक भरून घेतलं. काही काकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की असा परवाना असतो.

एप्रिलचा महिना होता. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण कोल्हापुरात एप्रिलमध्ये रूम म्हणजे तेहतीस-चौतीस डिग्री, त्या तापमानाला रेड प्यायली तर नुसतं स्पिरिट नाकात जातं आणि चव ढेपाळते. रेडला १६ ते १८ पाहिजे. त्यामुळं रेडच्या बाटल्या पण वीस मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवल्या, हॉटेलचा कॅप्टन दोनदा येऊन विचारून गेला की सर, रेडच ना ही?

ती संध्याकाळ

बोलावलं होतं अठ्ठावीस जणांना, आले चाळीसच्या वर. सूनबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. एक जण साडूला घेऊन आला, एकानं ऑफिसातले दोघं आणले, आणि सात वाजता तालमीतली पाच-सहा पोरं जिन्यात उभी, "तात्या, आमाला इसारला व्हय?" हा त्या रात्रीचा खरा कसोटीचा क्षण होता. तात्यांचा स्वभाव नाही म्हणायचा नाही. सूनबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि हसत पण स्पष्ट सांगितलं, ज्यांची नावं यादीत आहेत आणि त्यांच्याबरोबर घरचं माणूस आलंय तेवढेच वर, बाकी खाली हॉटेल चालूच आहे, तिथं बसा, जेवा, तुमचं बिल तुमचं. त्यातल्या दोघांना एकवीस पूर्ण नव्हती, त्यांना खाली पण वाइन-बिअर मिळणार नाही हे कॅप्टनला सांगून ठेवलं. पोरं जरा कुरकुरली आणि गेली. कुणाचा अपमान झाला नाही, कारण यादी सगळ्यांसमोर टेबलावर होती.

माणसं वाढल्यामुळं वाइन अगदी काठावर येणार हे दिसत होतं. हॉटेलकडं आणखी बाटल्या होत्या, तात्या म्हणाले उघडा. आम्ही उघडल्या, पण घोट तीसचा वीस केला आणि दुसरा राउंड कुणालाच नाही असं ठरवलं. ज्याला आवडली त्यानं हॉटेलकडून ग्लास विकत घ्यावा. तीन-चार जणांनी घेतला.

खाण्याचं मुद्दाम सांगायला हवं. हॉटेलच्या शेफनं चकण्याची तयारी केली होती, मसाला शेंगदाणे, चिकन सिक्स्टी फाइव्ह, शेव. सूनबाईंनी ते बाजूला ठेवून छोट्या वाट्यांत पांढरा आणि तांबडा रस्सा मागवला, कारण कोल्हापुरात लोक घरी जाऊन वाइन कशाबरोबर पिणार आहेत, चीजबरोबर थोडीच? एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी तांबड्याचा घोट घेतला आणि वर लगेच कॅबरने-शिराझ. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. "अगं बाई, हे तर आणखी झोंबलं!" मग सूनबाईंनी त्यांना शेनिन ब्लां दिली, थंडगार, थोडी गोडसर, आणि त्या दोन मिनिटांत शांत झाल्या. हॉलमधल्या सगळ्यांनी ते बघितलं आणि मग प्रत्येकानं स्वतः करून बघितलं. कारण साधं आहे, रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला, बियांतला तुरटपणा, तोंड कोरडं करतं आणि अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं, थंडपणा आणि गोडवा तो कमी करतात. पांढऱ्या रश्श्याला, त्यातलं नारळाचं दूध, खसखस, काजू यांच्याबरोबर, शेनिन अगदी बसली. हे मी वर्गात अनेकदा सांगितलंय, पण त्या वाटीनं जे काम केलं ते माझ्या कुठल्या लेक्चरनं केलेलं नाही.

दुसरी जी गोष्ट रंगली ती द्राक्षाची. पाहुण्यांत एक बागायतदार होते, त्यांनी विचारलं की आमच्या थॉमसनची का करत नाहीत वाइन? सूनबाई इथं खुलल्या. खायच्या द्राक्षाला मणी मोठा, साल पातळ, बी नाही असं पाहिजे, वाइनच्या द्राक्षाला नेमकं उलटं, मणी बारका, साल जाड, आत बिया, कारण रंग आणि टॅनिन तिथंच असतं. गोडी खायच्या मालाला सतरा-अठरा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आली की बाग उतरते, वाइनला बावीस-चोवीसपर्यंत थांबतात, त्याच साखरेचं पुढं अल्कोहोल होतं. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष. छाटणी दोनदा, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी बहार, हे तर त्या बागायतदारांना पाठच होतं, आणि मग ते दोघं जे बोलायला लागले ते बाकीचे ऐकत राहिले. सांगलीजवळ पलूसला वाइन पार्क आहे हे कित्येकांना तिथं पहिल्यांदा कळलं.

बायकांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. किती दिवस टिकते उघडल्यावर, फ्रिजमध्ये ठेवायची का, कॉर्क काढायचं कसं, साडेसातशे रुपयांची आणि अठराशे रुपयांची यात फरक काय. दुकानाच्या जाळीसमोर गर्दीत उभं राहून हे कुणी विचारलं नसतं.

नंतर काय झालं

पुढच्या महिन्यात वाइनचा खप पाच-सहा केसवर गेला, नंतर थोडा उतरून चारच्या आसपास स्थिरावला. गल्लीतून तक्रार आली नाही. तात्यांनी दुकानात जाळीच्या बाजूला छोटी जागा मोकळी केली जिथं आत येऊन लेबल वाचता येतं, दुपारच्या वेळी बायका येऊन बाटली निवडायला लागल्या. इथपर्यंत सगळं छान.

पण टेस्टिंगनंतर तिसऱ्याच आठवड्यात बँकेतून रिटायर झालेले एक काका बाटली घेऊन परत आले, अर्धी भरलेली. "तात्या, त्या दिवशीची ही नव्हंच. नाव तेच हाय, पण ही ती नव्हं." सोव्हिन्यों ब्लां होती. तात्यांना वाटलं काकांना उगाच शंका येतेय. सूनबाईंनी हॉटेलमधून त्याच वाइनचा एक ग्लास विकत घेतला आणि काकांची बाटली तिथंच शेजारी ओतून बघितली. हॉटेलची फिकट, हिरवट झाक, नाकाला पेरूचा, कापलेल्या गवताचा वास. दुकानची पिवळट, वास सुकलेल्या सफरचंदाचा, चव बसलेली. उघडून दोन दिवसात एवढं होत नाही. दोन्ही लेबलांवर बॉटलिंगचा महिना बघितला तर दुकानची दोन वर्षं जुनी निघाली, आणि ती दोन्ही वर्षं पश्चिमेच्या काचेला, ट्यूबलाइटखाली, उभी काढलेली.

मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा भाग हा आहे. संध्याकाळ चांगली झाली म्हणूनच ही अडचण वर आली. आधी गिऱ्हाइकाला ताजी वाइन कशी लागते हे माहीतच नव्हतं, खराब बाटली घरी नेली तर तो म्हणायचा वाइन अशीच आंबट असते आणि पुन्हा यायचा नाही. आता त्याच्याकडं तुलना होती.

तात्यांनी काकांना बाटली बदलून दिली, वाद घातला नाही. मग दोन दिवस सगळा रॅक खाली घेतला. ज्यांचा बॉटलिंगचा महिना जुना त्या वेगळ्या, ज्यांचं कॉर्क किंचित वर आलंय किंवा मानेला ओघळ दिसतोय त्या वेगळ्या, ते उन्हानं तापल्याचं लक्षण. स्टॉक रजिस्टरला बाटली अन् बाटली लिहिलेली असते, त्यामुळं खराब माल नुसता ओतून मोकळं होता येत नाही, त्याची रीतसर नोंद करावी लागली. नुकसान बऱ्यापैकी झालं, टेस्टिंगच्या बिलापेक्षा जास्त. रॅक आतल्या भिंतीला हलवला, कॉर्कच्या बाटल्या आडव्या, स्क्रू कॅपच्या उभ्या चालतात, काचेला जाड पडदा, व्हाइटसाठी छोटा कूलर, आणि व्हाइट एका वेळी एकच केस मागवायची.

पुन्हा करायचं झालं तर

रॅक आधी, टेस्टिंग नंतर. लोकांना बोलवायच्या आधी दुकानातली प्रत्येक लेबलची एक बाटली घरी उघडून बघायला हवी होती, हे काम थोडक्या खर्चात झालं असतं आणि काकांची ती फेरी वाचली असती.

वाइन्स पाचऐवजी चार पुरतात, रोझे त्या रात्री कुणाच्या लक्षातच राहिली नाही. पाणी भरपूर ठेवावं, आमच्याकडं मध्येच जग संपले. थुंकायच्या भांड्याऐवजी प्रत्येकाला झाकणाचा कागदी कप दिला तर लोक वापरतील असं सूनबाईंना वाटतं, मलाही पटतं. आणि कागद. आवडलेल्या वाइनचं नाव लिहून घ्यायला प्रत्येकाच्या पुढ्यात मराठीत छापलेला एक कागद पाहिजे होता, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात लोक "ती पांढऱ्या रश्श्याबरोबरची" मागायला यायचे. तात्या ओळखायचे ते सोडा, पण कामावरच्या पोराला कळायचं नाही.

फीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढची टेस्टिंग दिवाळीनंतर करायची ठरलंय. सूनबाई दोनशेवर ठाम आहेत, तात्या फुकटवर. मी मधला मार्ग सुचवलाय, वाइन तात्यांकडून फुकट आणि रश्श्याचे, खाण्याचे पैसे पाहुण्यांनी हॉटेलला थेट आधी भरायचे, म्हणजे नाव पण पक्कं होतं आणि तात्यांचा पाहुणचार पण राहतो. तात्या म्हणाले बघू. हॉटेलवाल्यांना मात्र हे आत्ताच पटलंय, त्यांनी हॉलची तारीख धरून ठेवलीय.